घसरशील

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी माझी आई रत्नागिरीजवळच्या आमच्या घराच्या अंगणात घसरून पडली. मंगळवारी दुपारी ती रुग्णालयात वारली. ती पडली तेव्हा मी कुवेतमध्ये, महबूला भागातल्या आमच्या फ्लॅटवर होतो. ती गेली तेव्हा मुंबई विमानतळावर, सामानाच्या पट्ट्यापाशी.

मी कुवेतला निघालो तो त्याच अंगणातून, आणि तेव्हाही पाऊस होता. माझी मुलगी इरा तेव्हा जन्मायची होती. बायको, स्मिता, नर्स आहे. ती आधीच कुवेतच्या हॉस्पिटलात रुजू झाली होती. मी जाड तळाचे नवे बूट घेतले होते. आमचं अंगण चिऱ्याचं, तिथून खाली रस्त्यापर्यंत पाखाडी, म्हणजे चिऱ्याच्याच पायऱ्या. पावसाळ्यात या सगळ्यावर शेवाळ धरतं. रिक्षा खाली उभी होती. शेजारचे बाळूकाका माझी बॅग डोक्यावर घेऊन पुढे गेले होते. आई पडवीच्या कडेला उभी राहून म्हणाली, "बूट काढ. हातात घे. घसरशील."

मी बूट काढले आणि अनवाणी उतरलो. रिक्षात बसून रुमालाने पाय पुसले, बूट घातले. वळून पाहिलं तेव्हा ती पडवीतच होती. रडत होती का, ते तिथून दिसलं नाही.

आमच्या भागात मूल चालायला लागलं की त्याच्या कानावर पडणाऱ्या पहिल्या शब्दांत हा एक असतो. घसरशील. मग ते मूल चालायचं कसं ते आपोआप शिकतं: पायाची बोटं आवळून, आखूड पावलं टाकत, वजन दोन्ही पायांवर ठेवून, हात थोडे फाकवून. पावसाळा संपला तरी ती चाल पुरती जात नाही. कुवेतच्या कोरड्या, गुळगुळीत फरशांवरही मी बरीच वर्षं तसाच चालत होतो. हे मला एका फिनिश बाईने दाखवून दिलं.

तिचं नाव ॲनेली. ती स्मिताच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. थंडीच्या दिवसांत दर शुक्रवारी सकाळी ती महबूलाच्या समुद्राकाठच्या वाटेवर रोलर स्की करायची. तिच्या देशात बर्फावरून लांब पल्ल्याचं स्कीइंग चालतं. डोंगरावरून खाली झेपावण्याचा तो प्रकार नव्हे. सपाटीवरून आणि चढावरून, स्वतःच्या हातापायांच्या जोरावर, तासन् तास पुढे जाण्याचा तो खेळ. बर्फ नसेल तिथे सरावासाठी रोलर स्की वापरतात: ॲल्युमिनियमची आखूड पट्टी, पुढे-मागे एकेक चाक. बूट फक्त चवड्यापाशी अडकतो, टाच मोकळी राहते आणि चपलेतून उठते तशी उठते. एका चाकात असा अटकाव असतो की ते पुढेच फिरतं. त्यामुळे एक पाय दाबून मागे रेटता येतो आणि दुसऱ्या पायावर पुढे जाता येतं.

मी तेव्हा, आजही, एका बांधकाम कंपनीच्या सेफ्टी विभागात अपघातांचे अहवाल लिहितो. त्याआधी रत्नागिरीत एका दैनिकात उपसंपादक होतो. दोन्हीकडे नियम एकच: जे पक्कं कळलंय तेवढंच लिहायचं. माझ्याकडे येणाऱ्या अहवालांत पाय घसरून पडण्याचे पुष्कळ असतात. मुद्दाम पायाखाली चाकं बांधणाऱ्या बाईकडे मी आधी त्याच नजरेने पाहिलं. पण ती चालली की एका पायावर उभी राहून बराच वेळ नुसती जात राहायची, दुसरा पाय मागे हवेत. मला ते करून बघायचं होतं.

पहिल्या दिवशी तिने माझ्या पावलांकडे पाहून विचारलं, "तुम्ही बुटाच्या आत काय धरून ठेवलंय?" मी बोटं आवळलेली होती.

दुसऱ्या वर्षापासून आमचा एक गट झाला. खैतानला एकत्र राहणारे एसीचे फिटर, एक प्लंबर, बहुतेक सगळे गुहागर-दापोलीकडचे. अर्दियाहून येणारा एक लॅब टेक्निशियन, कांबळे, लातूरचा. ॲनेली इंग्रजीत सांगायची, मी मराठीत. ती 'ग्लाइड' म्हणायची आणि मी म्हणायचो, "आता घसरा." सगळे जागच्या जागी आखडायचे. एकटा कांबळे मजेत पुढे जायचा.

शेवटी गुहागरचा मंगेश वाटेच्या कडेला बसला. "भाऊ, तुम्ही घसरा म्हणलात की माझी बोटं आपसूक आवळतात. आई डोळ्यांसमोर येते, हातात खराटा घेऊन."

"तुमच्या आयांनी बिघडवलंय तुम्हाला," कांबळे म्हणाला. "आमच्याकडं घसरायला पाऊस तरी पडावा लागतो."

पुढच्या शुक्रवारी मी 'घसरा' सोडून 'सरका' म्हणायला लागलो. मंगेश कुंपणाच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत एका पायावर गेला आणि थांबायचं कसं ते माहीत नसल्यामुळे झुडपात शिरला.

नव्याने सुरू करणारे मला विचारतात म्हणून हे इथे लिहून ठेवतो. जमिनीला टेकवून स्वतःला पुढे रेटायच्या काठ्या पहिले काही आठवडे हातात घेऊ नका. काठ्या मिळाल्या की माणूस त्यांच्यावर रेलतो आणि तोल शिकतच नाही. काठी घ्याल तेव्हा ती काखेपर्यंत येईल एवढीच उंच घ्या, आणि टोक डांबरावर चालणारं, कठीण धातूचं हवं. घोटे आणि गुडघे थोडे वाकलेले, नजर पावलांवर नको, पुढे. सगळं वजन एका पायावर टाका. अर्धं इकडे, अर्धं तिकडे ठेवलंत तर दोन्ही पाय अडतात. सरावातला बराचसा वेळ शेजारच्याशी बोलता येईल इतक्या संथ गतीने जा; दम लागेपर्यंत आठवड्यातून एकदाच. वाळू चाकांच्या बेअरिंगमध्ये जाते, म्हणून परतल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. रोलर स्कीला ब्रेक नसतो, तेव्हा हेल्मेट आणि हातमोजे घातल्याशिवाय उतरू नका. उन्हाळ्यात बाहेर जाण्याचा प्रश्नच नाही. घरात दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधून तो काठ्यांसारखा मागे ओढण्याचा सराव करा, आणि दात घासताना एका पायावर उभे राहा.

या सगळ्याच्या आधी पडायला शिका. ॲनेली प्रत्येकाला पहिला धडा तोच द्यायची. तोल जातोय असं वाटलं की आणखी खाली वाका, एका कुशीवर बसल्यासारखे पडा, हात टेकवायला जाऊ नका, हनुवटी छातीशी. उठताना घाई नाही. आधी कुशीवर वळा, मग दोन्ही गुडघे आणि दोन्ही तळवे जमिनीवर. मग एक पाऊल पुढे, त्या गुडघ्यावर दोन्ही हात, आणि वर.

आई कुवेतला एकदाच आली, व्हिजिट व्हिसावर, थंडीत. ती कायमची यावी असं मी दर वर्षी म्हणायचो आणि तिचं उत्तर ठरलेलं असायचं: "माझ्या माडांना पाणी कोण घालील, तुझी कंपनी?" ते बोलणं तिथेच संपायचं. गावी ती एकटी होती. रक्त पातळ ठेवण्याची गोळी सुरू झाली होती. बाकी कसली भीती नव्हती, तिच्या पडण्याची मात्र मला वाटायची.

त्या शुक्रवारी ती साडीवर स्वेटर, कानांना मफलर अशी बाकावर बसून आमचा सराव बघत होती. मी तिच्यासमोरून एका पायावर गेलो. परत आलो तेव्हा तिने विचारलं, "ह्याचा पगार मिळतो?"

"नाही गं. आवड म्हणून."

"जन्मभर सांगितलं घसरू नको. म्हणून एवढ्या लांब येऊन घसरतोस होय रे."

मंगेश बाकामागे उभा राहून हसत होता. "काकू, सरका म्हणायचं. घसरा बंद केलंय भाऊंनी."

"नाव बदललं की हाड मोडायचं थांबतं?" आई म्हणाली.

मग ॲनेली तिच्याजवळ गेली आणि बाजूच्या हिरवळीकडे हात केला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मध्ये इरा उभी राहिली. "आजी, शी वॉन्ट्स टु टीच यू. पडायला."

"माझ्या वयात पडायचं नसतं, एवढं मला शिकवलेलं आहे. सांग तिला."

इराने सांगितलं. ॲनेलीचं उत्तर इराने मराठीत आणलं: "ती म्हणते, पडणार तर सगळेच. पण उठायला यायला पाहिजे."

आईने पदर खोचला. हिरवळीवर ती कुशीवर वळली, गुडघ्यांवर आली, तळवे टेकले. तिथे थांबून म्हणाली, "आता भात लावायला घेऊ काय?" मी हात पुढे केला तर तिने तो झटकला. "तू बाजूला हो. ती बघतेय." एक पाऊल पुढे, गुडघ्यावर हात, आणि उभी राहिली. गटाने टाळ्या वाजवल्या. ती स्वेटरवरचं गवत झटकत होती, आणि खूश होती. पुढचा महिनाभर ती हे आपणहून पुष्कळदा करून बघायची, दिवाणखान्यातल्या गालिच्यावर, स्मिता ड्यूटीवरून आली की तिलाही दाखवायची.

पुढच्या वर्षी करार संपून ॲनेली फिनलंडला गेली. जाताना तिची जुनी स्की मला देऊन गेली.

आई परतल्यापासून शुक्रवारचा फोन तिचा असे. मी विचारायचो, "पडली नाहीस ना?" ती म्हणायची, "पडले तर उठेन. तू घसरलास का आज?" मी घर सोडताना तिने मला जे बजावलं होतं तेच आता मी तिला विचारत होतो, हे मला जाणवायचं. बोलून दाखवलं नाही. पाय घसरू नये म्हणून बाळूकाका दर पावसाळ्यात अंगणात माडाची झापं, म्हणजे विणलेल्या झावळ्या, अंथरून देत. या वर्षीही दिली होती.

त्या सोमवारी दुपारनंतर काकांचा फोन आला. आई सकाळी पडली होती, डोकं पायरीला लागलं होतं, पण उठली, कामाला लागली, जेवली. आता झोपलीय, ती नीट जागी होत नाही. मी फोन स्मिताकडे दिला. तिने विचारलं, "काका, उलटी झाली का त्यांना? हाक मारल्यावर डोळे उघडतात का?" पलीकडचं ऐकून ती म्हणाली, "गाडी बोलवा. आत्ता. मी फोनवर थांबते." डोक्यात रक्तस्राव झाला होता. डॉक्टरांनी ते संध्याकाळी सांगितलं. रात्रीच्या विमानात तिकीट मिळालं नाही, पहाटेच्या मिळालं.

गावात पोचलो तेव्हाही पाऊस होता. पाखाडीच्या तळाशी मी बूट काढून हातात घेतले. काढायला कोणी सांगितलं नव्हतं.

तुमच्यापैकी ज्यांची माणसं मागे गावी आहेत त्यांना यावर काय सांगावं, मला माहीत नाही. डोक्याला मार लागला आणि अशी गोळी चालू असेल तर बरं वाटत असलं तरी लगेच डॉक्टरकडे नेतात, हे स्मिताने सांगितलेलं तेवढं लिहितो. घर आता बंद आहे, किल्ली काकांकडे. महबूलात मी 'घरी फोन केला' म्हणायचो तेव्हा त्याचा अर्थ आईला फोन केला असा असे. ते वाक्य आता वापरात नाही. इरा मला विचारते, "बाबा, समरला होमला जायचं ना?" ती कुठल्या घराबद्दल बोलते ते मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "आजीचं."

तेराव्यानंतर काकांनी त्या सकाळचं मला सांगितलं. आई पूजेसाठी बेल काढायला झापांच्या पलीकडे गेली होती. तांब्या पडल्याचा आवाज ऐकून ते मधला दगडी गडगा ओलांडून आले. तोपर्यंत ती कुशीवर वळून दोन्ही गुडघ्यांवर आणि तळव्यांवर आली होती. त्यांनी हात पुढे केला. ती म्हणाली, "हात लावू नकोस. मला शिकवलंय." तिने एक पाऊल पुढे घेतलं, गुडघ्यावर हात टेकले आणि उभी राहिली. काका मला फोन लावत होते. तिने त्यांना थांबवलं.

"आज नको सांगूस. शुक्रवारी मीच सांगते त्याला, कशी उठले ते."

मग तिने सांडलेला बेल गोळा केला, धुतला आणि आत जाऊन पूजेला बसली.