मामाची टिप आणि खरवईचं घर

माझा मामा उल्हासनगरच्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये कॅप्टन आहे. म्हणजे ट्रे उचलत नाही, काळा कोट घालून ऑर्डर घेतो आणि गिऱ्हाइकाने काय खावं हे त्याच्या आधी ठरवतो. मी अंबरनाथला एका गाळ्यात बसून लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्न भरते. आमच्या नात्यात कोणी सी.ए. झालेलं नाही, त्यामुळे सगळ्यांच्या लेखी मीच सी.ए. मामाचंही रिटर्न दरवर्षी मीच भरायचे, अर्थात फुकट. भरताना विचारायचे, "पगाराशिवाय आणखी काही उत्पन्न?" मामा वर पंख्याकडे बघून म्हणायचा, "कुठलं आलंय?"

गेल्या वर्षी एका सोमवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, तो गाळ्यात शिरला तो फोन पुढे धरूनच.

"हे बघ. वेटर लोकांना टिपवर वजावट. टॅक्स माफ! माझी पण टाक."

मी व्हिडिओ बघितला. "मामा, हे अमेरिकेतलं आहे."

"मग? टिप ती टिप. तिकडचा माणूस काय वेगळं वाढतो?"

"आपल्याकडे अशी वजावट नाही. टिप मिळाली की ती उत्पन्नात धरायची."

मामाला हे अजिबात आवडलं नाही. खुर्ची ओढून बसला आणि मला समजावू लागला, की टिप हे उत्पन्नच नव्हे. माणूस खूश होऊन देतो ती भेट. आणि भेटीवर सरकार टॅक्स कसा लावेल?

"तू त्याला जेवण वाढलं नसतंस तर त्याने दिली असती भेट?"

"का नाही? मला बघूनसुद्धा देतात काही जण."

बाजूला आपल्या रिटर्नसाठी थांबलेल्या किराणावाल्या शेठनी मान खाली घालून हसू दाबलं. मी दुसऱ्या बाजूने धरलं. "पण तुला तर टिप मिळतच नाही. दरवर्षी मला तसंच सांगतोस."

मामाने माझ्या टेबलावरचा एक कागद ओढला, हाताने झाकून त्यावर काहीतरी लिहिलं, आणि परीक्षेत कॉपी देतात तसा माझ्याकडे सरकवला. महिन्याच्या टिपचा आकडा होता. जवळपास पगाराएवढा.

"मामीला बोलू नकोस," तो म्हणाला. "पोस्टात टाकतो मी. घरासाठी."

मामा-मामी बदलापूरला मांजर्लीत तळमजल्यावर राहायचे. जोराचा पाऊस लागला की नदी पहिली त्यांच्याकडे येते. फ्रिज लाकडी स्टुलांवर, गाद्या माळ्यावर, हे दर पावसाळ्याचं. वरच्या मजल्यावरचं घर हवं, हे मामी लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी म्हणतच होती. आणि मामा गुपचूप त्यासाठीच साठवत होता.

मी कॉम्प्युटरवर पगार आणि टिप दोन्ही घालून हिशोब केला. मग स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "हे बघ. सगळं धरूनही तू माफीच्या मर्यादेतच आहेस. टॅक्स शून्य."

त्याला आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्याचा चेहरा मात्र पडला. "म्हणजे इतकी वर्षं मी उगाच घाबरलो?"

"उगाचच. आणि माझ्याशी खोटं बोललास ते वेगळंच."

त्यावर त्याने मला कटिंग पाजला आणि चहावाल्याला पाच रुपये टिप दिली. त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये आम्ही टिप दाखवली.

पुढच्याच महिन्यात बदलापुरातच, नदीपासून लांब खरवईला एका नव्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मामीला आवडला. आम्ही तिघं कर्जासाठी बँकेत गेलो. तिथल्या मॅडमनी पगाराची स्लिप बघितली आणि म्हणाल्या, "एवढ्या पगारात हप्ता बसणार नाही. इतर उत्पन्न आहे का?"

मामा सवयीने पंखा शोधायला लागला. बँकेत ए.सी. होता.

मामीने पर्समधून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि शांतपणे म्हणाली, "टिप मिळते त्यांना." आणि आकडा सांगितला. मामाने मला लिहून दिलेल्या आकड्यापेक्षा चांगला सातशेने जास्त.

मामा तिच्याकडे बघतच राहिला. "तुला कसं माहीत?"

"तुमची पँट कोण धुतं?"

मॅडमनी तोंडावर फाइल धरली. पण नियम तो नियम. त्यांना हे उत्पन्न दोन वर्षांच्या रिटर्नमध्ये दिसायला हवं होतं, आणि आमच्याकडे एकच होतं. मागच्या वर्षांत मामाने पंख्याकडे बघितल्यामुळे तिथे काहीच नव्हतं. रिक्षात मामा मलाच म्हणाला, "तू जरा जोर देऊन विचारायला हवं होतंस." मी सहन केलं.

बिल्डरने सुदैवाने थोडे पैसे घेऊन फ्लॅट थांबवून ठेवला. त्या वर्षभर मामा दर सोमवारी टिप बँकेत भरायला जायचा. दहा-वीसच्या नोटा रबर लावून, खिडकीवर. त्याला बघितलं की कॅशियर पाण्याची बाटली जवळ ओढायचा. गिऱ्हाईक फोनवरून पैसे देऊ लागलं तेव्हा मामाने आधी तोंड वाकडं केलं, मग तेही घेऊ लागला, कारण ते आपोआप पासबुकात उमटायचं. एका सिंधी साईंनी, म्हणजे शेठनी, वाढदिवसाच्या पार्टीनंतर पाचशे पाठवले तेव्हा त्याचा स्क्रीनशॉट सकाळी सातला माझ्या फोनवर आला. खाली लिहिलं होतं, "हे पण धर."

दुसरं रिटर्न भरलं आणि कर्ज मंजूर झालं. मागितलं होतं त्याहून कमी, पण पोस्टातले पैसे घालून भागलं. जूनच्या शेवटी ते खरवईला राहायला गेले.

जुलैत पाऊस तीन दिवस थांबला नाही. मांजर्लीत पाणी शिरलं तसं मामाने जुन्या शेजारच्या आजी-आजोबांना फोन करून बोलावून घेतलं. चार दिवस ती दोघं खरवईला होती. मी भेटायला गेले तेव्हा मामी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती आणि मामा रजा टाकून त्यांना वाढत होता, सरळ पाठीने, डावा हात मागे. आजोबा म्हणाले, "अरे, तू पण बस की आमच्याबरोबर." तो बसेना. आजींना आमटी पांचट लागली आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. मामा जरासा झुकला, म्हणाला, "लगेच बदलून आणतो," आणि वाटी घेऊन आत गेला. मामी मला हळूच म्हणाली, "आमटी मी केली होती, पण असू दे."