दोन ते एकशे एक्कावन्न

हिंगणघाटच्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या ऑफिसात मी एकवीस वर्षं काढली. त्यातली बहुतेक वर्षं निर्यातीच्या कागदांत गेली. रुईच्या गाठी बांधायच्या, ट्रकनं नागपूरच्या कंटेनर डेपोत न्यायच्या, तिथं कस्टमची मंजुरी घ्यायची आणि रेल्वेनं बंदराकडे लावून द्यायच्या. बांगलादेशातल्या गिरण्या आमचा माल घेत. गाठीचं सरासरी वजन एकशे सत्तर किलो आणि एका मोठ्या कंटेनरात गाठी दीडशे. हे आकडे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात. त्या आकड्यांत माझी एक चूक आहे. ती आधी सांगितलेली बरी, कारण बाकीचं सगळं तिच्यामागून येतं.

नव्वदच्या दशकात कस्टमचं काम म्हणजे टाइपरायटर आणि कार्बन पेपर. एका मालाच्या कागदांच्या पाच-सहा प्रती निघायच्या. त्या घेऊन टेबलाटेबलांवर फिरायचं काम आमच्या क्लिअरिंग एजंटचा माणूस करायचा. वयानं माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठा. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला बाबू म्हणायचे. खाकी पिशवी, खिशाला पेन आणि गळ्यात दोरीनं अडकवलेला कस्टमचा पास. पासावरचा फोटो तरुणपणीचा होता. फाटकावरचा शिपाई दर वेळी म्हणायचा, "काका, हा तं तुमचा पोरगा दिसते." काका म्हणायचे, "पोरगाच हाय तो. म्हणूनच गळ्यात घेऊन फिरतो."

त्या पासाशिवाय डेपोच्या आत पाय टाकता येत नसे, आणि डेपोशिवाय काकांना दुसरं जग नव्हतं. बायको गेलेली, एकुलती मुलगी लग्न होऊन पिपरी मेघेला. रविवारीसुद्धा डेपोच्या बाहेरच्या चहाच्या टपरीवर ते दिसायचे.

काकांची एक पद्धत होती. सही करायच्या आधी कागद मोठ्यानं वाचून घ्यायचा. एकानं छापील कागद वाचायचा, दुसऱ्यानं आपल्या हातच्या यादीवर पेन्सिलनं खूण करायची. मी वाचायचो, ते खूण करायचे आणि प्रत्येक खुणेनंतर म्हणायचे, "समोर." आमच्याकडे 'पुढे'ला समोर म्हणतात. गाठींचे नंबर, समोर. वजन, समोर. सीलचा नंबर, समोर. बाकी एजंटांची माणसं हसायची. एक जण म्हणाला, "काका, पोथी लावली का हो?" काका वर न पाहता म्हणाले, "व्हय. तू प्रसादाले येजो."

दुसरी गोष्ट आमच्या प्रेसची. हंगामाची पहिली गाठ बांधली की मालकांच्या घरच्या बायका येऊन तिला कुंकू लावत, नारळ फोडत. ती मुहूर्ताची गाठ. तिच्यावर एक हा नंबर पडायचा, पण ती विकायची नाही. हंगाम संपेपर्यंत गोदामाच्या कोपऱ्यात राहायची, मग तिची रुई वातींसाठी देवळांत वाटली जायची. म्हणून हंगामाचा पहिला कंटेनर भरायचा तो दोन नंबरपासून. गाठी दीडशे, नंबर दोन ते एकशे एक्कावन्न. कार्बनच्या काळात काका समासात पेनानं लिहायचे, 'नं. १ मुहूर्त, गोदामात.' तपासणीचा साहेब विचारायचा, "पेढे कुठं आहेत?"

मग संगणक आला. मला तो आवडला, हे सरळ सांगतो. पूर्वी एका मालाला तीन-चार दिवस लागायचे. आता माहिती फ्लॉपीत भरून डेपोच्या सेवा केंद्रात द्यायची, तिथून छापील तपासणी-यादी मिळायची, ती वाचून सही केली की मामला पुढं जायचा. दुपारपर्यंत मंजुरी हातात. पूर्वी जवळपास प्रत्येक माल उघडला जायचा, पावसाळ्यात गाठी भिजायच्या. पुढं काही वर्षांनी कोणता कंटेनर उघडायचा हेही यंत्रच ठरवू लागलं. कोणाचा माल, कोणाची ओळख, याला अर्थ उरला नाही. काका म्हणाले, "बरं झालं. मशीन कोणाचा चहा पेत नाई." ते नव्या पद्धतीवर रुसले नाहीत. फक्त वाचून घेणं त्यांनी सोडलं नाही.

चूक झाली त्या वर्षी हंगामाच्या पहिल्या कंटेनरची माहिती मी हिंगणघाटच्या ऑफिसात भरली. दोन ते एकशे एक्कावन्न असंच टाइप केलं होतं. साठवायच्या आत लाइट गेली. दोन तासांनी आली तेव्हा सगळं पुन्हा भरलं. एकूण गाठी: एकशे पन्नास. नंबर: एक ते एकशे पन्नास. बेरीज जुळत होती, शेवटचा नंबर आणि एकूण संख्या सारखी, म्हणून नजर अडखळली नाही. आकड्यांच्या माणसाला नीटनेटका दिसणारा आकडा खरा वाटतो. माझं तसं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेपोत तपासणी-यादी हातात आली. बारा वाजेपर्यंत कंटेनर गाडीवर चढला नाही तर ती गाडी चुकणार होती. आम्ही सेवा केंद्राबाहेरच्या बाकावर बसलो. काकांच्या मांडीवर त्यांची हातानं लिहिलेली यादी, माझ्या हातात छापील कागद.

"हळू वाचजो," काका म्हणाले. "पहिला कंटेनर हाय."

मी घड्याळाकडे पाहत होतो. नंबरांच्या ओळीशी आलो तेव्हा माझे डोळे कागदावर नव्हते. मी तोंडपाठ म्हटलं, "दोन ते एकशे एक्कावन्न."

"समोर."

वाचून झाल्यावर मी कागद दुमडला, सहीची जागा वर येईल असा, आणि त्यांच्यापुढे धरला. एरवी ते कागद उलगडून पाहायचे. त्या दिवशी पाहिला नाही. मी वाचला होता ना.

यंत्रानं नेमका तोच कंटेनर उघडायला काढला. सगळ्या गाठी बाहेर काढून साहेबानं नंबर पाहिले. नंबर एक सापडला नाही आणि यादीत नसलेला एकशे एक्कावन्न सापडला. गाठी दीडशेच होत्या, वजन बरोबर होतं, माल चोख होता. पण सांगितलेलं एक आणि निघालेलं दुसरं. साहेब तरुण होता, उद्धट नव्हता. त्यानं कागद समोर धरला आणि विचारलं, "हे कुणी तपासलं?"

मला त्याच क्षणी सगळं कळलं. लाइट, घड्याळ, दुमडलेला कागद. तोंड उघडायला एक श्वास पुरला असता.

काका म्हणाले, "मी. सही माहीच हाय."

"काका, नंबर एकपासून लिहिलेत. दिसलं नाही का?"

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, कागद उन्हात धरला. "आता दिसून राह्यलं," ते म्हणाले. "तवा दिसलं नसन."

गाडी चुकली, तिच्यामागे जहाज चुकलं. साहेबानं समज देऊन माल सोडला, पण एजंटच्या ऑफिसनं पत्र काढलं. नव्या पद्धतीत चुकीला जागा नाही, असं त्यात होतं. काकांचा पास जमा करून घेतला. मी त्या वेळी दारात उभा होतो. त्यांनी दोरी मानेतून काढली, पासावरचा फोटो अंगठ्यानं पुसला आणि टेबलावर ठेवला.

मुलीकडे जायला तेही माझ्याबरोबर निघाले. परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. मी म्हटलं, "काका, मी वाचताना..."

"तू काऊन मनाले लावून घेतं? तू तं कागदावर हाय तेच वाचलं असन. माहेच डोळे गेले, बाबू. माह्या यादीतल्या दोनाचा एक दिसला मले."

मी गप्प राहिलो. माझी नोकरी त्या वर्षी कायम व्हायची होती. हे कारण म्हणून सांगत नाही, होतं म्हणून सांगतो.

त्यानंतर माझं असं झालं की आकडा मोठ्यानं वाचला की मागून "समोर" ऐकू यायचं. घरी मीटरचं रीडिंग घेताना, मुलीच्या गुणपत्रिकेवर, गॅसचा नंबर सांगताना. एकदा भर दुपारी ऑफिसात मी मागे वळून पाहिलं. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "कोणाले पाहून राह्यले?" मी म्हटलं, कोणाला नाही. आमच्या संगणकात मालाच्या माहितीचा एक नमुना साठवलेला होता, त्यात तपासणाऱ्याच्या जागी काकांचं नाव तसंच राहिलं होतं. नवा माणूस आला तरी दर वेळी छापताना आधी ते नाव यायचं, मग मी ते पुसायचो. नमुना बदलायला दोन मिनिटं लागली असती. मी सहा महिने बदलला नाही. नंतर बदलला, तेव्हा बरं वाटेल असं वाटलं होतं.

तीन वर्षांनी ऑफिसातल्या जुन्या फायली रद्दीत निघाल्या. त्या तपासणी-यादीची आमची प्रत मी घरी आणली. कपाटात आठवडाभर ठेवली. बायको म्हणाली, "जाऊन या. नाहीतर तो कागद मी चुलीत घालते." ती असं क्वचित बोलते.

पिपरी मेघेला मुलीच्या घरी काका पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. मुलगी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. मला पाहून ती उठली. चहा टाकायला जाता जाता हळूच म्हणाली, "नागपूरहून आले तवापासून बाबांनी कागदाले हात नाई लावला. ब्यांकेत पण अंगठा लावतात. मी म्हणते, सही येते ना तुम्हाले. तं म्हणतात, जे वाचता येत नाई त्याच्यावर सही नाई करायची."

"डॉक्टरांना दाखवलं नाही?"

"मोतीबिंदू असन, मी म्हणते. येतच नाईत. म्हणतात, गेले ते गेले."

मी त्यांच्यापुढे स्टूल ओढून बसलो आणि सांगितलं. लाइट गेल्यापासून. घड्याळाकडे पाहत तोंडपाठ म्हटलं, कागद दुमडून धरला, साहेबापुढे गप्प राहिलो, बसमध्येही. काही गाळलं नाही. आतल्या खोलीत कपबशांचा आवाज थांबला होता.

काका मग म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी माहे डोळे चांगले होते?"

"होय, काका."

"चांगले होते."

"होय."

त्यांनी मुलीला चष्मा मागितला. तो कुठल्याशा डब्यात होता, एका काडीला दोरा बांधलेला. चष्मा लावून कागद घेऊन ते खिडकीशी गेले. कागद जवळ धरला, लांब धरला, उन्हात तिरपा केला. मी मनात आकडे मोजत होतो. तीन वर्षं बिनवापराची, बिनइलाजाची. मोतीबिंदू तेव्हा जेमतेम सुरू झाला असेल.

"आता नाई दिसत," ते म्हणाले. परत येऊन बसले आणि कागद माझ्या हातात दिला. "वाच."

मी पहिल्या ओळीपासून वाचलं. या वेळी बोट ओळीवर ठेवून. गुडघ्यावर त्यांचं बोट खूण करत होतं. एकूण गाठी एकशे पन्नास. समोर. नंबर, एक ते एकशे पन्नास.

त्यांचं बोट थांबलं.

"हेच हाय कागदावर?"

"हेच आहे."

"पाहून सांगतं ना?"

"पाहून सांगतो, काका."

ताडून पाहायला त्यांच्याकडे माझ्या आवाजाशिवाय काही नव्हतं. थोड्या वेळानं बोट हललं.

"समोर."

वजन वाचलं, सीलचा नंबर वाचला. खाली एकच गोष्ट उरली होती. मी म्हटलं, "सही. तुमची."

त्यांनी गुडघ्यावर खूण केली नाही. कागदासाठी हात पुढे केला. मी दिला. तो त्यांनी दुमडून खिशात ठेवला आणि मुलीला हाक मारली, की याचा चहा झाला असेल तर दे, याची बस आहे.