मळा दाखवणारा माणूस

नागपूरच्या सरकारी शिष्यवृत्तीवर मी शेतकी शिकायला विलायतेला गेलो, तेव्हा पहिले चार महिने माझ्याशी पोटभर कोणी बोललं नाही. घरमालकीण हवेबद्दल बोलायची, तेवढंच. आमच्या वलगावात गल्लीशी भांडल्याशिवाय ज्याचा दिवस मावळत नव्हता, त्याच्या तोंडाला बुरशी चढायची पाळी आली! एका रविवारी जीव इतका उबगला की गावाबाहेरच्या पडक्या किल्ल्यावर गेलो.

तिथं किल्ला दाखवणारा एक म्हातारा होता. पावसामुळं बघायला मी एकटाच. तरी गड्यानं एक दगड सोडला नाही. चुना कुठून आणला, कोणती पायरी मागाहून बसवली, कोणत्या भोकात कोणता पक्षी घरटं करतो. सगळं हात लावून लावून सांगितलं. खरं किती, पदरचं किती, देव जाणे. पण दोन तास एक माणूस माझ्याकडं पाहून बोलत होता. निघताना मी सवयीनं वाकून त्याच्या पाया पडलो. त्याला वाटलं, माझं काही पडलं. बिचारा माझ्यासोबत वाकून शोधू लागला.

परतताना मला रस्त्यातच रडू आलं. म्हातारा थेट आमच्या बाबांवर गेला होता. आमचा मळा वांगी-मिरच्यांचा. अकोल्याहून पाहुणा आला की बाबा त्याला चहाआधी मळा दाखवत, वाफान् वाफा, बियाणं कुठलं, विहिरीला पाणी कसं लागलं. "झालं पुराण सुरू!" म्हणत मी पळ काढायचो. आता घरी गेलो की बाबांच्या मागं मागं फिरून सगळा मळा ऐकायचा, या एका आशेवर मी तीन वर्षं काढली.

घरी आलो अन् दुसऱ्याच दिवशी म्हटलं, "बाबा, मळा दाखवा ना."

बाबांनी शेजारून खुर्ची आणवली आणि तहसीलदाराला मांडतात तशी आंब्याखाली मांडली. "बस. तुले मी काय दाखवू, बापा? तू साहेबाच्या देशात शेतकी शिकून आला. मी अंगठाबहाद्दर."

मी हट्ट केला, चिडलो. "म्हाताऱ्याची थट्टा करून राहिला का?" म्हणून ते हसले. महिनाभर हेच. मी कुठं दिसलो की खुर्ची यायची. परक्या देशात वाटलं नव्हतं इतकं मला आपल्या मळ्यात एकटं वाटलं.

मग अकोल्याचे पाहुणे आले आणि बाबांचं तोंड सुटलं. मी जवळ गेलो की मात्र गप्प! शेवटी मी बांधालगतच्या उभ्या तुरीत लपून ऐकू लागलो. आपल्याच मळ्यात, चोरासारखा.

वांग्यांच्या कडेला संत्र्याचं एकच झाड होतं. पाहुण्यांनी विचारलं, "हे एकलंच काहून लावलं?"

"पोरानं लावलं, जायच्या आदल्या दिवशी," बाबा म्हणाले. मी ते साफ विसरलो होतो. "तो तिकडं होता तं मी रोज या झाडालेच मळा सांगत होतो. आता तो घरी आला, तरी यालेच सांगतो. त्याच्यापुढं जीभ उचलत नाई."

झाडाच्या आळ्यात मोटेचं पाणी नुकतंच सोडलेलं होतं. मी तुरीतून बाहेर आलो आणि विलायती बुटांसकट त्या चिखलात बसलो.

"सांगा," म्हटलं.