गुन्हा क्रमांक नसलेलं पत्र

गुरुवारी सकाळी अण्णा गेला.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. तरी हे लिहिते आहे.

आम्ही बंगळुरूच्या चामराजपेटेतले. अण्णा, माझा थोरला भाऊ, कोर्टात टायपिस्ट होता. निवृत्तीनंतर टोपणनावाने सोशल मीडियावर लिहायचा – हेब्बाळकडचं एक लहान तळं एक बिल्डर बुजवत होता, त्याबद्दल. तळ्याचा जुना नकाशा त्याला त्याच खात्यावर सरोजाने पाठवला होता. सरोजा त्या बिल्डरच्याच ऑफिसात कामाला. हे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं.

तेराव्यानंतर मी अण्णाचा कॉम्प्युटर उघडला. पासवर्ड मला एकटीला माहीत होता. मेलमध्ये त्या सोशल मीडिया कंपनीची नोटीस होती, तो गेल्यानंतरच्या शनिवारी आलेली. पोलिसांनी तुमचं नाव, नंबर आणि तुम्हाला मेसेज पाठवणाऱ्यांची माहिती मागितली आहे. सात दिवसांत हरकत आली नाही तर ती देऊ. सोबत पोलिसांच्या पत्राची प्रत.

सात दिवस केव्हाच उलटले होते... मी सरोजाला फोन केला. ती आली आणि उंबऱ्यातच बसली.

"अक्का, माझं नाव गेलं का हो? स्वल्प पाणी द्या आधी."

"थांब, खाली अजून काहीतरी आहे."

खाली उत्तर होतं. अण्णाच्या मेलवरून गेलेलं, वर नोटिशीचा क्रमांक घातलेला. 'सोबतच्या पत्रावर गुन्हा क्रमांक नाही, कलम नाही. गुन्हाच नोंदलेला नसेल तर माहिती कशाच्या आधारे मागितली, हे प्रथम विचारावे.' वेळ – सोमवार, सकाळी दहा चाळीस. त्या वेळी आम्ही सगळे अस्थी घेऊन श्रीरंगपट्टणला होतो. घराला कुलूप होतं.

त्याखाली कंपनीचा शेवटचा मेल. पोलिसांकडे गुन्हा क्रमांक मागितला, तो मिळाला नाही, मागणी मागे घेण्यात आली. कोणतीही माहिती दिलेली नाही.

मी ते तीनदा मोठ्याने वाचलं. सरोजा रडता रडता हसायला लागली.

"सरी, ठीक आहे," ती म्हणाली, "अण्णा रिटायर झालेच नाहीत म्हणायचं."

अण्णाचा मुलगा निखिल महादेवपुऱ्यात आयटीत आहे. त्याला संध्याकाळी बोलावलं.

"आत्या, शेड्यूल केलेला मेल असणार."

"नोटीस तो गेल्यावर आली रे. तिचा क्रमांक त्याला कुठून कळणार?"

"मग तूच पाठवलास. पासवर्ड तुझ्याकडेच."

"मी गुडघाभर पाण्यात उभी होते. माझा हात धरून कोण उभं होतं?"

त्याने बराच वेळ तपासलं. मेल याच कॉम्प्युटरवरून गेला होता. मग त्याने चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी सरोजाने नकाशाचा उरलेला भाग आणून दिला. स्वतःहून. मी तो त्याच खात्यावर टाकला आणि आठवड्याभरात तळ्यावर येणारे ट्रक थांबले. अण्णा गेल्यानंतर त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

खातं आता मी चालवते. सरोजा रोज कामावर जाते. ते उत्तर कोणी लिहिलं, मला माहीत नाही.