अक्काची तबकडी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि आता तुम्हाला का सांगते आहे, तेही नीट कळत नाही.

माझी मोठी बहीण, अक्का, सासर सोडून मुंबईला गेली. गाणं शिकायला. नानांनी — आमच्या वडिलांनी — एरंडोलात सांगून टाकलं, तापाने गेली. आम्हीही तेच म्हणू लागलो. माय तेवढी गप्प राही.

पुढे माझं लग्न धुळ्याला ठरलं. साखरपुड्याला धाकट्या दिराने हौसेने फोनो लावला. तबकडी नवी, वरचं नाव भलत्याच बाईचं, दोन्ही बाजूंना दुःखाचीच गाणी. पण पहिली ओळ आली आणि — श्वास घ्यायला अक्का मध्येच थांबे ना, तशीच गाणारी थांबली.

माय सगळ्यांदेखत उठून फोनोच्या पेटीजवळ गेली. "हाऊ अक्काना आवाज शे ना वं?"

सासूबाई माझ्याकडे पाहू लागल्या. मी काय म्हणाले असेन?

"अक्का मरी गयी ना, माय." हसून म्हणाले. आणि सासूबाईंना हळूच सांगितलं — तेव्हापासून हिच्या डोक्यावर परिणाम झालाय.

भ्याले होते. पण भ्यालेल्या माणसाला इतकं सफाईने बोलता येतं का?

लग्नानंतर दीर ती तबकडी रोज लावी. मी भाकरी थापत ऐके. एका दुपारी घरात कोणी नव्हतं. मी ती पाट्यावर आपटली. हातातून निसटली म्हणून सांगितलं.

मग माय आली. एकटी, मोटारीने. माझा हात धरून म्हणाली, "एकच डाव लाव ना वं."

"फुटी गयी, माय."

तिने चहासुद्धा घेतला नाही. परतीच्या गाडीला अवकाश होता, तरी मोटारस्टँडवर जाऊन बसली.

दोन वर्षांनी ती अंथरुणाला खिळली. तोवर माझं ते बोलणं धुळ्याहून एरंडोलला पोचलं होतं. शेजारच्या बाया तिच्याशी वेडीशी बोलावं तसं बोलत — मोठ्याने, सावकाश, एकमेकींना खुणा करत. ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. मी उशाशीच बसलेली असे. तिला बरोबर ऐकू आलं होतं, एवढंच तर सांगायचं होतं. शेवटच्या दिवसापर्यंत सांगितलं नाही.