कच्चा टाका

शिंपीणबाईंचा नवऱ्यावर विश्वास उरला नव्हता, पण हे त्यांनी सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? नवरा कित्येक महिने पाठ करून झोपतो, हात लावला तर अंग चोरतो. पंप दुरुस्तीच्या वर्कशॉपमधून येतो, धड जेवत नाही, बोलत नाही. कुणीतरी आहे, दुसरं काय! बाईंनी त्याचे खिसे चाचपले, मोबाईल पाहिला, कॉलरसुद्धा हुंगली. ग्रीसच्या वासाखेरीज हाती काही लागलं नाही, तेव्हा संशय आणखीच बळावला. इतका साळसूद माणूस असतो का कुठे?

शेवटी त्यांनी आपली विद्या कामाला लावली. रोज सकाळी "थांबा, बटण सैल झालंय" म्हणत त्या त्याच्या पुढ्यात उभ्या राहायच्या आणि बटणाखाली शर्टाच्या दोन्ही पट्ट्या एका कच्च्या टाक्याने जोडून टाकायच्या. शर्ट कुठे उतरवला, तर टाका तुटणारच. संध्याकाळी टाका शाबूत असायचा. बाई हिरमुसायच्या आणि मग हिरमुसल्याबद्दल स्वतःवरच चिडायच्या.

एका संध्याकाळी टाका होता, पण तो त्यांचा नव्हता. दोरा जाड, गाठ वेडीवाकडी. बाईंच्या डोक्यात तिडीक गेली.

"कुणी घातला हा?"

"मीच. नर्सकडून सुई मागून घेतली."

"अस्सं! नर्स आहे तर!"

"अगं, डॉक्टरांकडे गेलो होतो. छाती तपासताना तुटला. तू उगाच काळजीत पडशील म्हणून पुन्हा घातला."

"म्हणजे तुम्हाला टाक्याचं माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

मग तो खाली मान घालून बोलत राहिला. "झोप नाही, छातीत धडधड. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, मन आजारी आहे. नैराश्य. त्यात ती इच्छाही मरते, शरीर साथ देत नाही. मला वाटत होतं, मी पुरुषच उरलो नाही. जवळ आलो आणि जमलं नाही, तर तुला तोंड कसं दाखवू? उपचार आहेत म्हणाले. बायकोला घेऊन या म्हणाले."

"मग टाका का घालू दिलात रोज?"

"तेवढाच वेळ तू जवळ असायचीस. आणि माझ्याकडून काही व्हायला हवं, अशी भीती नसायची."

बाईंना रडू फुटलं. रोज त्याच्या छातीशी उभं राहून आपण फक्त दोरा बघितला, याची त्यांना लाज वाटली.

सकाळी तो सवयीने पुढ्यात येऊन उभा राहिला. बाईंनी सुई घेतली नाही. नुसती बटणं लावली, एकेक, सावकाश.