मोटारखान्याची खिडकी

प्रेमाबाईंनी उभ्या संसारात इसहाक मास्तरांना एकदाही नावानं हाक मारली नाही. शिरूरच्या मिशन कंपाउंडात राहणारी, रविवारी देवळात पुढच्या बाकावर बसणारी बाई, पण नवऱ्याचं नाव काही तिच्या ओठांवर यायचं नाही. घरी शास्त्र वाचताना अब्राहामाच्या मुलाचं नाव आलं, की ‘आमच्या ह्यांचं नाव’ असं म्हणून ती पुढं सरकायची. मास्तर हवे असले की लेकीच्या नावानं साद घालायची, “ग्लॅडिस, ए ग्लॅडिस.” आणि मास्तर आतून म्हणायचे, “आलो.” लेक मिरजेला नर्सिंग शिकायला गेली, घरात दोघंच उरली, तरी हाक तीच राहिली. नवख्या माणसाला वाटावं, बाईला भास होतात की काय.

मास्तर मिशनच्या खेड्यापाड्यांतल्या शाळा तपासायचे. कवठे, पाबळ पालथं घालून यायचे आणि अहवाल लिहायला बसायचे, तर घरात शेजारणींची बैठक भरलेली. तेवढ्यात मिशनचे साहेब मायदेशी परतले, त्यांची मोटार विकली गेली आणि बंगल्यामागचा मोटारखाना रिकामा पडला. मास्तरांच्या घरापुढचं अंगण ओलांडलं की तो समोरच. मास्तरांनी परवानगी काढली. अर्ध्या जागेत शाळेची मोडकी बाकं रचली, मध्ये फळ्यांची भिंत घातली आणि उरलेल्या अर्ध्यात टेबल-खुर्ची मांडून त्याला ऑफिस म्हणायला सुरुवात केली. फरशीवरचे तेलाचे डाग प्रेमाबाईंनी सोडा आणि राख लावून घासले. डाग गेले, पेट्रोलचा वास मात्र हटेना. हात चालत होते तसं तोंडही चालत होतं. बायकोच्या बडबडीला कंटाळून माणूस मोटारीच्या जागी राहायला निघाला, असं तिनं साऱ्या कंपाउंडाला सांगून ठेवलं.

खिडकीवरून मात्र ती हटूनच बसली. मास्तरांना खिडकी रस्त्याच्या अंगाला हवी होती, तिकडून वारा यायचा.

“खिडकी घराकडं करा,” ती म्हणाली. “मी हाक मारली तर ऐकू याया नको व्हय?”

खिडकी घराकडं झाली. मग रोज दुपारी चहा झाला की अंगणापलीकडून हाक यायची, मास्तर “आलो” म्हणायचे आणि पुन्हा लिहीत बसायचे. चहा निवायचा, बाई कुरकुरायची, दुसऱ्यांदा आधण ठेवायची. असं सगळं छान चाललं होतं.

त्या साली मे महिन्यात ग्लॅडिस रजेवर घरी आली. एका दुपारी मास्तर लिहीत असताना हाक आली, “ग्लॅडिस, ए ग्लॅडिस.” थोड्या वेळानं पुन्हा आली, जरा बारीक आवाजात. मास्तरांना दोन्ही हाका स्वच्छ ऐकू आल्या. त्यांच्या मनात आलं, पोरगी घरात आहे, मायलेकींचं काही चाललं असेल. ग्लॅडिस बाजारात गेली होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी “आलो” देखील म्हटलं नाही.

ग्लॅडिस परतली तेव्हा आई चुलीपुढं पडलेली होती. छातीत कळ आली असावी. अंग गार पडत चाललं होतं.

माती देऊन सगळे घरी आले, तेव्हा शेजारच्या सगुणाबाईंनी डोळे पुसत सांगितलं, “पोरी, तुलाच दोनदा हाक मारली गं तिनं. मी माझ्या घरात ऐकली.” बिचारीनं मायेपोटी सांगितलं, पण ते ग्लॅडिसच्या काळजात रुतलं. तिनं अन्न सोडलं. मिरजेला परत जायचं नाही, म्हणाली. आईच्या हाकेला जी धावली नाही ती कसली नर्स होणार?

मास्तरांच्या जिवाची तगमग झाली. खरं बोलावं तर आई गेलीच होती, आता लेकही तुटेल. गप्प बसावं तर पोरगी डोळ्यांदेखत खंगून चाललेली. शेवटी एका सकाळी ते तिच्यापुढं जमिनीवर बसले.

“ती हाक तुला नव्हती,” ते म्हणाले. “मला होती. तू बाजारात गेलीस, हे तिला ठाऊक होतं. जन्मभर ती मला तुझ्याच नावानं बोलवत आली, विसरलीस का?”

ग्लॅडिसनं मान वर केली. “मग तुम्हाला ऐकू न्हाई आलं?”

“आलं. दोन्ही टायमाला.”

“मग उठला का न्हाईत, बाबा?”

“तू घरात हाईस, असं वाटलं मला.”

ती उठून आत गेली. त्या दिवशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पण जेवली, आणि कपड्यांची ट्रंक भरायला घेतली. मास्तर ऑफिसात जाऊन बसायचे. कागदाला हात लागत नव्हता. खिडकीतून समोरचं दार दिसायचं, म्हणून खुर्ची भिंतीकडं फिरवून बसायचे आणि मन भरून आलं की तिथंच रडून घ्यायचे.

निघायच्या दिवशी दुपारी हाक आली. “ग्लॅडिस, ए ग्लॅडिस.”

तोच सूर, तसंच शेवटी लांबवलेलं नाव. मास्तर धडपडत उठले, खुर्ची पडली. “आलो, आलो गं,” म्हणत ते अनवाणीच तापलेल्या अंगणातून धावले.

दारात लेक उभी होती, हातात चहाचा कप घेऊन. “निवंल, बाबा,” ती म्हणाली, आणि कप त्यांच्या हातात दिला.